परक्या पाण्याच्या शिंपल्या

मी आत्याशी खोटं बोललो. एका शब्दाचंच खोटं. तिने बांधावरून ओरडून विचारलं, "तल शेकवलास क रं?" आणि मी खालून, गुडघाभर चिखलातून, हात वर करून म्हणालो, "हाव!"

तळ शेकवला नव्हता. तो शेकवायला हवा हे मला माहीत होतं, का हवा हेही माहीत होतं, आणि त्या दिवशी कामावर असलेल्या माणसांत हे माहीत असलेला मी एकटाच होतो. त्यामुळे अजाणतेपणी झालं असं म्हणायची सोय मला नाही.

हे लिहायला मी चार-पाच वेळा बसलो आणि उठलो. दर वेळी सुरुवात माझ्या साहेबापासून व्हायची, नाहीतर उद्घाटनाच्या घाईपासून. पान भरत आलं तरी माझी पाळी यायची नाही. म्हणून या वेळी माझ्यापासूनच केली.

आमचं गाव ठाण्याच्या खाडीकाठी आहे. आता त्याला गाव म्हणतो ते आम्हीच. रिक्षावाल्याला टॉवरचं नाव सांगावं लागतं, मग तो टॉवरच्या मागच्या गल्लीत आणून सोडतो. तिथे आमचं गावठाण, पुढे गावदेवीचं देऊळ आणि देवळामागे खाडी. पूर्वी आमची खारीची शेतं होती, त्यांच्यापलीकडे मिठागरं. मिठागरं बंद पडली, शेतं विकली गेली, पण मिठागराचा दगडी बांध तसाच राहिला. भरतीला बुडतो, सुकतीला उघडा पडतो. तो बांध म्हणजे गावातल्या बायकांचं शेत. वरच्या अंगाला दगडाशी एकजीव झालेली कालवं. खालच्या अंगाला शिणाणी, म्हणजे हिरवट-काळ्या लांबट शिंपल्या, आपल्याच दोऱ्यांनी दगडाला आणि एकमेकींना धरून राहणाऱ्या. बांधावर प्रत्येक घरच्या बाईचा तुकडा ठरलेला. कागद नाही, खूण नाही. "फुटक्या दगडापासून तिवराच्या झुडपापर्यंत आमचा," एवढंच तोंडी.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला आणि ती परत आली. आमच्या घराला लागून असलेल्या खोलीत तिने सगळा जन्म काढला, आणि तिच्या आईचा बांधावरचा तुकडा तिच्याकडे आला. सुकती बघून ती पाटी घेऊन जायची, लोखंडी पट्टीने कालवं फोडायची आणि दारोदार वाटे लावून विकायची. आमच्या शाळेच्या फीपैकी किती तिच्या पाटीतून आली हे वडिलांनी आम्हाला कधी कळू दिलं नाही. तिनेही नाही.

बांधाचे नियम दोन. पहिला, आखाड लागला की बांधाला हात लावायचा नाही. तेव्हा कालवं दुधावर येतात, पुढच्या वर्षाची वीण त्यांच्या पोटात असते. नारळी पौर्णिमेला देवीला नारळ दिला की मग बांध उघडतो. दुसरा नियम होड्यांचा. उरणहून किंवा वसईहून कुणी जुनी होडी विकत आणली, तर ती सरळ आमच्या पाण्यात घालायची नाही. आधी काठावर ओढून कुशीवर पाडायची. तळाला चिकटलेलं सगळं खरवडायचं, सात सुकत्या उन्हात ठेवायची आणि मग भाताच्या पेंढ्याची चूड पेटवून तळ शेकवायचा. लहानपणी हे बघायला आम्ही शाळा बुडवायचो. तळावरून जाळ फिरायला लागला की शिंपल्या तडतड फुटायच्या, आणि तो जळका, खारट वास दोन दिवस कपड्यांना राहायचा. शेवटी होडी पाण्यात ढकलताना बांधावरची सगळ्यांत जुनी बाई मालकाला विचारायची, तल शेकवलास क? तो हो म्हणायचा. एवढ्यावर होडी आत. कुणी वाकून बघायचं नाही. शब्द घ्यायचा, बस्स.

माझ्या वेळी बांधावरची सगळ्यांत जुनी बाई आत्याच होती.

मी डिप्लोमा केला आणि ठेकेदारांकडे साइट सुपरवायझर म्हणून लागलो. बायकोची नोकरी डोंबिवलीत, म्हणून घर डोंबिवलीला. ऑफिस घोडबंदर रोडला. गावात येणं सणावारी. आमच्या ठेकेदाराला प्रवासी बोटींसाठी तरंगता धक्का बांधायचं काम मिळालं आणि जागा निघाली ती नेमकी आमच्या गावाच्या अंगाला, बांधापासून हाकेच्या अंतरावर. मला वाटलं, गावाचं भलं होतंय आणि ते माझ्या हातून होतंय. मी सगळ्यांना फोन केले. आत्याला तर दोनदा.

धक्क्यासाठी पाँटून लागतो. पाँटून म्हणजे पाण्यावर तरंगणारा मोठा पोकळ लोखंडी डबा, ज्याला बोटी टेकतात. नवा करायला वेळ नव्हता, म्हणून दुसऱ्या एका बंदरात कित्येक महिने पाण्यात पडून असलेला जुना पाँटून ओढून आणायचं ठरलं. तो आला आणि भरतीची वाट बघत बाहेर खोल पाण्यात उभा राहिला, तेव्हा मी कडेला झोपून हात खाली घालून बघितलं. चार बोटं जाड थर होता. स्क्रू-ड्रायव्हरने एक गठ्ठा उचकटून हातावर घेतला. बारीक, काळपट शिंपल्या, शेकड्यांनी, एकमेकींत गुंतलेल्या. आमच्या शिणाण्यांसारख्या, पण शिणाणी नव्हेत. मी तो गठ्ठा पाण्यात टाकून दिला. हे आठवलं की आजही हात पँटला पुसावासा वाटतो.

गंमत म्हणजे कामाच्या कागदातही आमच्या गावचाच नियम होता, फक्त साहेबी भाषेत. 'पाँटूनचा तळ पाण्याबाहेर काढून खरवडला व सुकवला आहे.' समोर चौकोन आणि खाली सही. मी साहेबांना फोन केला.

"अरे, क्रेन आणायची म्हणजे दिवस गेला," साहेब म्हणाले. "उधाणाची भरती उद्याची. ती चुकली तर पंधरा दिवस बसून राहायचं का? पाहुण्यांची तारीख ठरलेली आहे."

"साहेब, तळाला फार आहे."

"खाडी आहे ती, स्विमिंग पूल नाही. खाली असणारच. तू गावचा आहेस ना? गावाला सांभाळ."

मी चौकोनात खूण केली आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी भरती चढायला लागली तेव्हा बांधावर पंधरा-वीस बायका उभ्या. आत्या पुढे, हातात नारळ. तिने तो प्रश्न विचारला. मला वाटतं, ती अर्ध्या चेष्टेतच विचारत होती. एवढं मोठं लोखंड काय चुडीने शेकवणार? मी तिला खरं सांगू शकलो असतो. हसून "आत्या, याला चूड नाय लागत" म्हणालो असतो, तरी ती थांबली असती आणि पुढचं विचारलं असतं. ते पुढचं विचारायलाच नको होतं मला. म्हणून म्हणालो, "हाव!"

तिने नारळ फोडला आणि शेजारच्या वहिनीला म्हणाली, "आमचे पोराचं काम हाय. कागदावरचं."

तो पावसाळा आमच्या घरात वाईट गेला. बायकोचं ऑपरेशन झालं, रक्त फार गेलं होतं. कल्याणच्या दवाखान्यातून घरी आणली तरी तिला तोंडात घास नको व्हायचा. एक दिवस फोनवर मी आत्याला सहज म्हणालो, "तिला कायच नाय जात. तुझे हातचं कालवांचं पानी मागते." ती तसं म्हणाली होती खरी, पण तापात माणूस म्हणतं तसं. आखाड चालू आहे हे माझ्या ध्यानात नव्हतं असं मी इथे लिहिलं होतं. ते खोडलं. ध्यानात होतं. जमत नसेल तर ती स्वतःच नाही म्हणेल, एवढाच विचार केला.

तिसऱ्या दिवशी आत्या आमच्या दारात. भिजलेली, हातात टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा.

मी म्हणालो, "आत्या, आखाड हाय ना?"

"तू गप रव. मानूस मोठं क कालव मोठं? वाटी आन."

तिने बायकोला स्वतः चमच्याने पाजलं. नंतर दोनदा आली, दोन्ही वेळा डबा घेऊन. बायको उठली. गोळ्यांनी उठली, बाटलीभर रक्ताने उठली, पण ती स्वतः म्हणते की त्या वाटीने उठली, आणि मला तिच्याशी वाद घालायचा नाही.

बांधावर जाताना आत्याला गावाने बघितलं होतं. तेव्हा कुणी काही बोललं नाही. आजारपणाला सगळे मान देतात.

दिवाळीनंतर बांधावर काहीतरी नवं दिसायला लागलं. करंगळीच्या नखाएवढ्या, तपकिरी-काळ्या, पातळ कवचाच्या शिंपल्या. दोन बोटांत दाबल्या की फुटायच्या, आत खायला काही नाही. सुरुवातीला बायकांनी त्याची थट्टाच केली. आमचं निम्मं गाव चाळींच्या भाड्यावर जगतं, त्यामुळे नाव लगेच पडलं. भाडेकरू. शेजारची वहिनी नात्याने वहिनी, तोंडाने सासू. ती म्हणायची, "डिपॉझिट नाय, अ‍ॅग्रीमेंट नाय, सामान घेऊन सरल आत! ह्यांना कोनी खोली दाखवली गो?" आत्या शिंपल्यांना बोट लावून म्हणायची, "भाडं तरी द्याल क रं?" आणि सगळ्या हसायच्या.

मला हे आत्यानेच फोनवर हसत सांगितलं. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारली, ठाण्याला उतरून थेट खाडीवर गेलो. बांधावर न जाता आधी धक्क्यावर गेलो, पाँटूनच्या कडेला आडवा झालो आणि हात खाली घातला. थर होताच, आधीपेक्षा जाड. मग बांधावर जाऊन आत्याच्या तुकड्यातला एक दगड बघितला. तीच शिंपली. ओळखायला काही शास्त्र लागत नव्हतं, मी ती तळहातावर घेतलेली होती.

त्या दिवसापासून मला एका जागी बसता येईना. जेवताना उठायचो. घोडबंदर रोडला बस अडकली की उतरून चालायला लागायचो, मग पुढच्या स्टॉपवर तीच बस गाठायचो. सुकती कधी आहे ते फोनवर बघायची सवय लागली. बायको विचारायची, "अहो, तुम्हाला कुठे जायचं आहे?" कुठेच जायचं नसायचं.

होळीपर्यंत बांध खालून वरपर्यंत काळा पडला. शिणाण्यांवर भाडेकरूंचा गालिचा बसला, खालची शिणाणी उघडेनात, मरून वास यायला लागला. कालवांच्या तोंडावरही त्याच. पट्टीने एक कालव फोडायचं तर आधी वीतभर ही पोपडी खरवडायची. बायकांच्या पाट्या रिकाम्या यायला लागल्या आणि थट्टा थांबली. मग कुणीतरी कारण शोधणारच. वहिनीने देवळाच्या ओट्यावर सगळ्यांसमोर म्हटलं, "आखाडान बांधाला हात लावल्यावर दुसरं काय व्हनार? दुधावरची कालवं काढली. देवीनं भाडेकरू धाडले."

आत्या तिथेच बसलेली होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने मान हलवली. "हाव," म्हणाली, "माझेच हातून झायलं."

त्या चैत्रात गावदेवीच्या जत्रेला ती ओटी भरायला आत गेली नाही, बाहेर चपलांपाशी उभी राहिली. मासळी, कालवं, चिंबोऱ्या, सगळं सोडलं. अख्खा जन्म खाडीचं खाल्लेली बाई वरण-भात खायला लागली. बांधावर जाणं बंद झालं. पाटी उलटी करून तिच्यावर पाण्याचा हंडा ठेवला. मी गेलो की हसून विचारायची, "तुझी बायको बरी हाय ना? मंग झालं." हे "मंग झालं" ऐकलं की मला तिच्या खोलीत बसवायचं नाही. काहीतरी काम काढून मी पळायचो.

मी सांगितलं नाही. एक तर नोकरीची भीती. सही माझी होती. साहेब शांतपणे म्हणाले असते, खूण तर तुम्हीच केली आहे. दुसरी भीती गावाची. आणि तिसरी, जी मी बायकोलाही फार उशिरा सांगितली, ती ही की आत्या मला कागदावरचा माणूस, म्हणजे ज्याची सही आणि शब्द खरा असतो असा, समजते, आणि ते मला फार आवडायचं.

सांगण्याऐवजी मी खरवडायला लागलो. रविवारी सुकती गाठून, बूट घालून, लोखंडी खुरपी घेऊन आत्याच्या तुकड्यात बसायचो आणि शिंपल्यांची पोपडी सोलून काढायचो. बांधावर सहसा पुरुष जात नाहीत. नियम नाही, पण गेले की बायका हसतात. वहिनी वरून ओरडायची, "काय भावजी, नोकरी गेली क?" मी मान खाली घालून दोन हात जागा साफ करायचो. पुढच्या रविवारी ती परत काळी.

असाच एकदा बसलो असताना मागून आवाज आला. "अहो, थांबा, थांबा! काय करताय?"

कल्याणच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई होत्या, विद्यार्थिनींना घेऊन खाडी बघायला आलेल्या. मी म्हटलं, साफ करतोय.

"पण खरवडलेलं पाण्यातच पडतंय! यातली अर्धी जिवंत आहेत. वाहत जाऊन दुसरीकडे धरतील. आणि दुखावली की कधी कधी तिथल्या तिथे बीज सोडतात. तुम्ही साफ नाही करत, पेरताय."

मी खुरपी खाली ठेवली. किती रविवार झाले होते याचा हिशेब मी केला नाही.

त्यांनी एक शिंपली उचलून मला समजावलं. ही आपल्याकडची नाही. मूळची अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्याची. जहाजांच्या तळाला चिकटून, जहाजांच्या पोटात भरलेल्या पाण्यातून जगभर फिरते. गोडं-खारं दोन्ही सोसते, म्हणून खाडीत फोफावते आणि दगडावरच्या मूळच्या रहिवाशांची जागा घेते.

मी विचारलं, "आखाडात कुणी कालवं काढली, म्हणून असं होतं का?"

"कुणी चार-दोन पाट्या काढल्या म्हणून? छे हो. कोण म्हणतं?"

"आणि तळ सुकवला, जाळला, तर?"

"मरतील ना. तेच तर करायला हवं असतं. तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या इथे पद्धत आहे," मी म्हणालो. मग जेट्टीकडे न बघता विचारलं, "ही नेमकी कशातून आली, सांगता येईल?"

त्यांनी स्वतःच जेट्टीकडे बघितलं. "त्या पाँटूनमधून आली असेल. मुंबईच्या बाजूने हळूहळू सरकत आली असेल, एखाद्या बार्जबरोबर आली असेल. आता कोणी शपथेवर नाही सांगू शकत."

मला एकदम हलकं वाटलं. डोंबिवलीला पोचेपर्यंत मी तेच घोळवत होतो, शपथेवर नाही सांगू शकत, शपथेवर नाही सांगू शकत. जिन्यात मला त्या हलकेपणाची लाज वाटली. कारण त्या बाईंनी मला आणखी एक गोष्ट शपथेवर सांगितली होती, ती मी गाळली होती. आत्याने काही केलेलं नव्हतं. बाई तर म्हणाल्या होत्या, ही पद्धत सांभाळणाऱ्या बायकांशी मला बोलायचं आहे, सगळ्यांत जुन्या कोण? आणि मी म्हणालो होतो, माझी आत्या, पण ती आता गावात नसते, कल्याणला असते. आत्या तेव्हा शंभर पावलांवर तिच्या खोलीत वाल सोलत बसली होती.

हे दुसरं खोटं. पहिल्याला घाईचं निमित्त होतं. याला कसलंच नाही.

यंदा चैत्राच्या आधी मी आत्याकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, "या जत्रेला मी नारल घेऊन उभी रवनार."

आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो. जत्रेच्या सकाळी, पालखी उठायच्या आधी, ज्याच्या हातून गावाचं नुकसान झालं त्याने देवीसमोर नारळ घेऊन उभं राहायचं आणि चूक तोंडाने बोलायची. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मनातल्या मनात चालत नाही. आमच्या लहानपणी दुसऱ्याच्या खारीचा बांध फोडणारा एक माणूस असा उभा राहिलेला मी पाहिला आहे. तो नंतर मरेपर्यंत 'नारळवाला' म्हणूनच ओळखला गेला.

"आत्या, नको," मी म्हणालो.

"का नको? बायका उपाशी रवल्या माझे पायी. बांध परत येईल नाय येईल, मना बरं वाटंल." मग हसली. "घाबरू नको, तुझे बायकोचं नाव नाय घेनार."

मी घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं, चौकोनातल्या खुणेपासून.

"हे मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "त्या वाटीतलं मी प्यायलेय. आत्या तिथे उभ्या राहणार असतील, तर मी घरात बसू कशी? तुम्ही नाही बोललात तर मी जाऊन बोलेन."

"नोकरी गेली तर?"

"जाईल. तुम्ही तसेही कुठे जागेवर असता? वर्षभर बघतेय मी."

जत्रेच्या सकाळी आम्ही दोघं पहिल्या बसने निघालो. देवळाचा ओटा बायकांनी भरला होता, पुरुष मंडपाच्या खांबांना टेकून उभे. आत्या नवं हिरवं लुगडं नेसून, चपला काढून, देवीच्या समोर. हातात नारळ. वहिनी जवळच होती, आणि मला कबूल केलं पाहिजे, तिचे डोळे भरलेले होते. कुणालाही यात मजा वाटत नव्हती.

आत्याने तोंड उघडायच्या आत मी पुढे गेलो आणि तिच्या हातातला नारळ घेतला.

"अरं, काय करतंस?" ती कुजबुजली. "मधी नको येव."

मी देवीकडे तोंड केलं आणि सगळं बोललो. पाँटून परक्या पाण्याचा होता. तळाला या शिंपल्या होत्या, मी हातात घेऊन बघितल्या होत्या. तळ खरवडला नाही, सुकवला नाही, शेकवला नाही. कागदावर खोटं लिहिलं आणि बांधावर खोटं बोललो. कालवं आखाडात काढली ती माझ्या सांगण्यावरून, माझ्या घरासाठी. गावच्या बायकांचं पोट माझ्या हातून गेलं, मी सगळ्यांची माफी मागतो. माझा आवाज मलाच पातळ वाटत होता. नारळ फोडला, तो एका फटक्यात फुटला नाही, दोन-तीनदा आपटावा लागला.

वहिनी म्हणाली, "म्हंजे तवा आगच नाय लावलीस?" मागून कुणीतरी शिवी दिली. माझ्या चुलत भावाने खांबाकडे तोंड फिरवलं. माझी बायको गर्दीतून येऊन आत्याच्या शेजारी उभी राहिली आणि तिने तिचा दंड धरला.

आत्या माझ्याकडे बघत होती. रागावून नव्हे. हिशेब लागत नसल्यासारखी.

"तुना ठाव व्हतं?" तिने वहिनीकडे बोट करून विचारलं. "होलीला ही मना बोलली, तवा तुना ठाव व्हतं?"

"हाव."

"मी चपलांपाशी उभी रवले, तवा?"

"हाव, आत्या."

"मंग वरीसभर सांगतलास का नाय रं?"

बांधाची माफी मी सगळ्या गावाची मागितली होती. ती मागताना मला वाटलं होतं की काम झालं. ते झालं नव्हतं. मी खाली वाकलो, तिच्या अनवाणी पायांवर हात ठेवले, आणि शहरात आल्यावर जी बोली मी जिभेवरून पुसून टाकली होती, तिच्यातच बोललो.

"मी भ्यालो, आत्या. तुझे हातानं कायपन नाय झालं. माझे पाँटूननं झालं क दुसऱ्या कशानं, ते कोनालाच नक्की ठाव नाय, पन तुझे हातानं नाय, ह्ये मना ठाव व्हतं. तू माझी चूक तुझी म्हनून वरीसभर डोक्यावर वागवलीस, तुझं जेवान सोडलास, आनि मी बघत रवलो. बांधाची माफी मी गावाची मागतली. ही तुझी येगली मागतो. मी चुकलो, आत्या."